सातबारा, वर्ग आणि लोकलचा डबा : आपले स्त्रीत्व-पुरुषत्व कोण घडवते?

खारेगावकर (धागाकर्ता)

मंडळी, लिंगभावाचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. काहींच्या मते बाई ही बाई म्हणूनच जन्मते आणि पुरुष हा पुरुष म्हणूनच, त्यामुळे घडण्या-घडवण्याचा प्रश्नच येत नाही. काहींच्या मते हे सारे घरचे संस्कार असतात, आणि एकदा संस्कार म्हटले की सगळी जबाबदारी आईवडिलांवर, खरे तर एकट्या आईवर, येऊन पडते. मला या धाग्यात घराच्या उंबरठ्याबाहेर पाहायचे आहे. शाळा, रेल्वे, बाजार, तलाठी कार्यालय, सोसायटी, रुग्णालय, लग्नविधी, वारसाहक्काचा कायदा या संस्था आपल्याला स्त्री किंवा पुरुष म्हणून कशा घडवतात, याचे तपशील आपण मिळून मांडावेत, अशी विनंती आहे. मी ठाण्यात अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवतो, म्हणून सुरुवात मला रोज दिसणाऱ्या गोष्टींपासून करतो.

माझे म्हणणे असे आहे की संस्था सहसा उपदेश करत नाहीत. त्या एक रकाना आखतात, एक रांग लावतात, एखाद्या कामासाठी एकाला हाक मारतात आणि दुसऱ्याला मारत नाहीत. हे रोज घडत राहते, त्यावर कुणी चर्चा करत नाही, आणि काही वर्षांनी त्या माणसाला वाटू लागते की आपण मुळातच असे आहोत.

लोकलमधला महिला डबा पाहा. बारा वर्षांखालील मुलगा आईबरोबर त्या डब्यातून जाऊ शकतो. ठाण्याहून वाशीला नोकरीसाठी किंवा माहेरी जाणारी आई मुलाला लहानपणापासून त्याच डब्यातून नेते, तिथल्या बायका त्याला मांडीवर घेतात, खाऊ देतात, अभ्यास विचारतात. मग एक दिवस त्याच बायका म्हणतात, आता हा मोठा झाला, याला पलीकडे पाठवा. त्या आठवड्यात त्या मुलाच्या शरीरात किंवा स्वभावात काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती त्याची जागा, आणि त्या जागेबरोबर त्याला हेही कळते की ज्यांच्यापासून संरक्षण हवे अशा लोकांत आता आपली गणना होते. महिला डबा आवश्यक आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली ती खऱ्या गरजेतून, आणि गर्दीतला त्रास आजही खरा आहे. तरीही ती व्यवस्था मुलाला एक गोष्ट शिकवते आणि मुलीला दुसरी : उरलेली गाडी आपली नाही, ही. एखादी सोय न्याय्य असूनही माणूस घडवत असते, हे मान्य केल्याशिवाय या विषयात पुढे जाता येणार नाही.

शाळेत तर हे तासागणिक चालते. अनेक शाळांच्या हजेरीपटात आधी मुलांची नावे असतात आणि मग मुलींची. पाहुणे आले की औक्षणाला आणि स्वागतगीताला मुली, बाके उचलायला मुले. ज्या मुलाला गळा चांगला आहे तो बाके उचलतो, आणि ज्या मुलीच्या दंडात ताकद आहे ती तबक धरते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली. ते चित्र मला मोलाचे वाटते, परंतु पुस्तकातले चित्र मूल वर्षातून काही वेळा पाहते आणि रांगेत रोज उभे राहते.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे, असे आगरकरांनी एकोणिसाव्या शतकातच आग्रहाने मांडले होते. पुढे १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श त्यांच्यासमोर होता, आणि स्त्रीच्या आयुष्यातील वेगळ्या कर्तव्यांना जुळेल असा वेगळा अभ्यासक्रम त्यांनी योजला. कर्व्यांच्या विद्यापीठाने हजारो स्त्रियांना दार उघडून दिले, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. मात्र एका संस्थेने ‘माणूस’ घडवायचे ठरवले की ‘गृहिणी’, यावर पुढच्या पिढ्यांचे स्वतःविषयीचे चित्र अवलंबून असते, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच त्यांचा मतभेद मला आजच्या अनेक चर्चांपेक्षा अधिक गंभीर वाटतो.

शेवटी मोजणीबद्दल. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातली बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्क्यांहून अधिक, तर पुरुष सुमारे २६ टक्केच आहेत. जनगणनेत मात्र केवळ घरकाम करणारी स्त्री काम न करणाऱ्यांत मोजली जाते. सुमारे पाच तास राबणाऱ्या बाईला कुणी विचारले तर ती “मी काहीच करत नाही, घरीच असते” असे सांगते. हे उत्तर तिच्या विनयातून आलेले नाही, असे मला वाटते. सरकारी रकान्याने तिच्यासाठी ते आधीच लिहून ठेवलेले आहे.

आपापल्या अनुभवातील संस्था मांडाव्यात. मतभेद तर अवश्य मांडावेत.

कोपरखैरणे_माथाडी

सर, पुरुषत्वाबद्दल लिहायचे आहे, कारण अशा चर्चांत घडवली जाते ती फक्त बाई, असे गृहीत धरले जाते.

माझे वडील तुर्भ्याच्या धान्य बाजारात माथाडी होते. आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात. मशीद बंदरचा बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आला आणि त्याबरोबर आमच्यासारखी सातारा, सांगली, जुन्नरकडची हजारो घरे नवी मुंबईत वसली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणाऱ्या माणसाला नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार मिळाले. त्या कायद्याने आमच्या वडिलांना माणूस म्हणून ताठ उभे केले. ही गोष्ट मी आधी सांगतो, कारण पुढे जे लिहितो त्याने तिचे मोल कमी होऊ नये.

टोळीत मर्दपणाची कसोटी एकच असे : थप्पीवरून पोते पाठीवर घेऊन फळीवरून न डगमगता चढणे. पाठ दुखते असे म्हणणारा कच्चा. वडिलांच्या मणक्यात दोष आहे हे त्यांनी घरात अनेक वर्षे सांगितले नाही, आणि डॉक्टरांकडे गेले ते पाय बधिर झाल्यावर. त्यांना बोलता येत नव्हते असे नाही. गावच्या गोष्टी ते रात्र रात्र सांगत. पण दुखण्याबद्दल बोलणे हे त्यांना बायकी वाटे, आणि हे त्यांना कुणा एका माणसाने शिकवलेले नव्हते. ज्या बाजारात मजुरी वजनावर ठरते तिथे शरीराची कुरकूर म्हणजे टोळीची कमाई कमी होणे, म्हणून सगळी टोळी एकमेकांना गप्प राहायला शिकवत असे. त्याच बाजारात बायका सांडलेले धान्य झाडत, निवडत, चाळत. दिवसभर वाकून केलेल्या त्या कामानेही कंबर जाते, परंतु त्याला ‘ताकदीचे काम’ कुणी म्हणत नसे.

वडील थकले तेव्हा त्यांच्या जागी मी लागावे, अशी चर्चा घरात झाली. माझी बहीण माझ्यापेक्षा धडधाकट आणि हिशेबाला पक्की. तिचे नाव कुणाच्या मनातही आले नाही, आणि विशेष म्हणजे तिच्या स्वतःच्या मनातही आले नाही. सर ज्याला घडणे म्हणतात ते मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

करावेगावची_लेक

वर दोघांनीही जे लिहिले त्याला मी जमिनीची बाजू जोडते, कारण नवी मुंबईत जमीन सोडून कुठलाच विषय पुरा होत नाही.

सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्याआधी आमच्या आगरी-कोळी घरांतल्या बायका भातलावणीला, मिठागरावर आणि खाडीत असत. चिखलातून कालवे, खुबे काढणे, ते विकणे, आलेला पैसा कमरेला लावणे हे माझ्या आजीचे रोजचे काम होते. कोळणीचा व्यवहार तर सर्वांना ठाऊक आहे : होडी पुरुषाची, पण मासळी किनाऱ्याला लागली की पाटी, भाव आणि गाठीचा पैसा बाईचा. मी हे रम्य करून सांगत नाही. आजीला शाळा नव्हती, आणि होडीच्या मालकीत तिचे नाव नव्हते. तरी ती स्वतःला कामकरी म्हणून ओळखत असे, कुणाची पत्नी म्हणून नंतर.

भूसंपादनानंतर काय झाले? मोबदला आला तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव होते त्याला. सातबाऱ्यावर नाव असायचे एकत्र कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाचे, पुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) अशी अक्षरे. जानेवारी १९८४ च्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात, ज्यात पाच जणांनी प्राण दिले, आमच्या बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर होत्या. त्या आंदोलनाचे आणि भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्याचे फळ म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मात्र भूखंड पुन्हा कागदावरच्या वारसांना. पुरुषांनी त्यातून माती-रेतीची कंत्राटे घेतली, गाळे बांधले, काही राजकारणात गेले. शेत गेले, मिठागर गेले, खाडी गढूळ झाली, आणि आजीची सून, म्हणजे माझी आई, एका पिढीत ‘गृहिणी’ झाली. आमच्या घरात बायका पूर्वापार घरीच असत, असे माझे चुलतभाऊ आज मनापासून मानतात. ज्याला आपण परंपरा म्हणतो ती कधी कधी आपल्या वयापेक्षाही लहान असते.

मग भूखंडाची वेळ येते तेव्हा लेकींना बोलावणे येते. साडी, जेवण, आणि हक्कसोडपत्र. सही करणारी लेक चांगली. न करणारी भावाचे घर तोडणारी. माझ्या दोन आत्यांनी सही केली, कारण सही न केल्यास माहेर तुटेल अशी भीती त्यांना होती. ही भीती खोटी नव्हती. मी बारकाईने विचार केला तेव्हा लक्षात आले की लेक म्हणजे त्याग करणारी, ही ओळख त्या कागदाने दर पिढीत नव्याने तयार केली आहे.

आता उलट बाजू. आमच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून प्रत्येक विधीचा धवला ती गाते, कोणता विधी केव्हा हे तिला मुखोद्गत असते, आणि तिच्या गाण्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. एक प्रौढ बाई मांडवात सर्वांना, पुरुषांनाही, काय करायचे ते सांगते आणि सगळे मुकाट्याने ऐकतात. मी लहानपणी तिला पाहिले म्हणून बाईच्या तोंडी अधिकार शोभतो, हे मला कधी वेगळे शिकावे लागले नाही. अलीकडे भटजी आणि डीजे यांच्यामध्ये तिची वेळ आक्रसत चालली आहे, त्याचे मला मनापासून दुःख होते. संस्था माणसाला बांधतात तशा त्या बळही देतात, आणि कोणती संस्था आपण हरवू देतो याकडे आपले लक्ष हवे.

डॉ_नौपाडा

खारेगावकर सर, आपली मांडणी मोलाची आहे, पण तिला एक मर्यादा घालणे मला माझ्या पेशामुळे आवश्यक वाटते.

रुग्णालय ही पहिली संस्था, हे खरे. जन्मानंतर काही क्षणांत आम्ही जो उच्चार करतो त्यावर दाखला, नाव, कपडे आणि पेढे की बर्फी हे ठरते. त्याच्याही आधी काय घडत होते हे महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणून तर १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा कायदा देशात प्रथम आपल्या राज्याने केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या.

मात्र, संस्था सर्व काही घडवू शकते असे मानण्याचा एक प्रयोग जगात होऊन गेला आहे आणि त्याचा शेवट भयंकर झाला. १९६५ मध्ये कॅनडात जन्मलेल्या जुळ्या मुलग्यांपैकी एकाच्या, डेव्हिड रायमरच्या, लिंगाला सुंतेच्या वेळी कायमची इजा झाली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले. नाव, कपडे, शाळा, औषधे, सगळ्या संस्था एका दिशेने लावल्या गेल्या. तो प्रयोग यशस्वी झाल्याचे कित्येक वर्षे ग्रंथांतून सांगितले गेले. प्रत्यक्षात ते मूल सतत दुःखी होते. किशोरवयात खरी हकिकत कळताच त्याने मुलगा म्हणून जगण्याचा निर्णय घेतला, आणि २००४ मध्ये त्याने आपले आयुष्य संपवले.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की आपण कोण आहोत ही आतली जाणीव आणि त्या जाणिवेला समाजात मिळणारा आकार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दुसरी गोष्ट संस्था घडवतात. पहिलीवर त्यांची सत्ता चालत नाही; त्या तिला फार तर जखमी करू शकतात. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, जन्मतः लिंगलक्षणे वेगळी असलेल्या अर्भकांवर ती ‘दुरुस्त’ करण्याच्या शस्त्रक्रिया करू नयेत, असा जो निर्णय दिला त्यामागेही हीच समज आहे, असे मला वाटते. जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार वेगळे. पण मूल बोलू लागण्याआधी त्याला एका रकान्यात बसवण्याची घाई आम्ही डॉक्टरांनी करू नये.

खारेगावकर

डॉक्टर, आपण आखलेला भेद मी स्वीकारतो आणि माझी मांडणी त्यापुढे अशी ठेवतो : माथाडी बंधूंच्या वडिलांना आपण पुरुष आहोत हे टोळीने सांगितले नव्हते, पुरुषाने दुखणे बोलू नये हे मात्र टोळीने सांगितले. करावेच्या ताईंच्या आत्यांना आपण स्त्री आहोत हे हक्कसोडपत्राने शिकवले नाही. स्त्रीने सही करावी हे त्याने शिकवले. माझा वाद या दुसऱ्या भागाशी आहे. तो भाग इतका मोठा आहे की आयुष्याचे बहुतेक निर्णय त्यातच होतात.

ऐरोली_दुसरी_पाळी

थोडक्यात एक मुद्दा. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. आई म्हणून मला या कायद्याचा फार मोठा आधार झाला. परंतु पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा कायद्याने दिली ती स्त्री कर्मचाऱ्याला. माझे पती इथल्याच एका कंपनीत काम करतात, आणि खासगी नोकरीतल्या बापाला रजा देणे या कायद्याने बंधनकारक केलेले नाही. बाळ आजारी पडले की फोन कुणाला जातो, हे आमच्या घरात कुणी ठरवले नाही; ते रजेच्या नियमाने ठरवले. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला शांत करण्याची हातोटी मला आली आणि त्यांना आली नाही. ती यायला जो वेळ लागतो तो फक्त मला मिळाला होता. आता सगळे नातेवाईक म्हणतात की आईला ते उपजतच येते.

सेक्टर_सतरा

अनेक दिवस हा धागा वाचत होतो. माझ्या जन्मदाखल्यावर स्त्री अशी नोंद झाली होती. मी पुरुष आहे. डॉक्टरांनी लिहिलेला भेद मला माझ्या आयुष्यावरून पटतो. घर, मुलींची शाळा, वेणी, गणवेश, नातेवाईक, सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि आतली गोष्ट बदलली नाही.

पण मला खारेगावकर सरांच्या मांडणीतला एक भाग पुढे न्यायचा आहे, आणि त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. आपल्याकडे तृतीयपंथी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पुरुष म्हणून जन्मनोंद झालेली आणि स्त्रीवेशात वावरणारी व्यक्ती येते. माझ्यासारखे लोक दिसत नाहीत. याचे कारण आम्ही संख्येने कमी आहोत असे नसून आमच्यासाठी संस्था नव्हती, असे माझे मत आहे. हिजडा समाजाला जमात आहे, घराणी आहेत, गुरू-चेल्याचे नाते आहे, नवीन नाव देण्याची रीत आहे, म्हातारपणी सांभाळणारे चेले आहेत, तंटा झाला तर बसणारी पंचायत आहे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांची नोंदवही ठेवण्याची, स्त्रीवेशात रस्त्यावर दिसल्यास शिक्षा करण्याची तरतूद केली. तरी ही संस्था टिकली. तिच्यातही जाच आहे, चेल्याची कमाई आणि स्वातंत्र्य यांबद्दलचे प्रश्न खरे आहेत, आणि ते त्या समाजातल्या व्यक्तींनीच बोलावेत हे योग्य. पण घरातून हाकलल्यावर जायला एक दार होते. मुलगी म्हणून नोंद झालेल्या मुलाला घरातून हाकलत नसत. त्याचे लग्न लावून देत. ज्याच्यासाठी दारच नाही तो बाहेर पडत नाही, आणि जो बाहेर पडत नाही तो मोजला जात नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त ‘इतर’ असा पर्याय प्रथमच आला आणि देशभरात ४,८७,८०३ जणांची त्यात नोंद झाली. त्यांत माझ्यासारखे किती असतील, याचा अंदाज त्या आकड्यावरून करता येत नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात निकाल दिला. त्या खटल्यात ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी स्वतः हस्तक्षेप अर्ज केला होता. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. आपली ओळख आपण ठरवू शकतो आणि ती पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी यांपैकी कोणतीही असू शकते, असे न्यायालयाने म्हटले, तेव्हा माझ्यासारख्यांचाही उल्लेख त्या निकालात होता. पुढे २०१९ च्या तृतीयपंथी हक्कसंरक्षण कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मला प्रमाणपत्र मिळाले. त्या कागदाने माझ्या मनात काहीही निर्माण केले नाही. मात्र बँकेत, भाड्याच्या घरासाठी आणि नोकरीच्या अर्जावर एकाच नावाने उभे राहता आले, आणि त्यानंतर मी मित्रांशी मोकळेपणाने बोलू लागलो. डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवण्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला आणि राज्य सरकारने तशी तरतूद करण्याचे मान्य केले, तेव्हा लोकांनी विचारले की एका रकान्याने काय होते. ज्यांना रकाना आधीपासून आहे त्यांना हा प्रश्न पडतो.

वकील मंडळींपैकी कुणी असतील तर एक विचारायचे आहे. आमची थोडी शेतजमीन जुन्नरकडे आहे. वडील गेल्या वर्षी वारले. चुलते म्हणतात, तू ना धड लेक ना धड ल्योक, तुझे नाव कशाला लावायचे.

राममारुतीरोड_काकू

बाळा, तुझा मजकूर वाचून फार वाईट वाटले. तुला उत्तर जाणकार देतील. मी एवढेच लिहिते की संस्था आतूनही बदलता येतात. यजमान गेल्यावर आमच्या भागातल्या हळदीकुंकवाचे बोलावणे मला बंद झाले. वीस वर्षे ज्या मैत्रिणींबरोबर वाण लुटले त्यांनी अत्यंत प्रेमाने, मला त्रास होऊ नये म्हणून, बोलावले नाही. त्या संक्रांतीला मला पहिल्यांदा वाटले की मी बाई उरले नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. ते कात्रण मी महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. दोघींनी विरोध केला, बाकीच्या गप्प राहिल्या, आणि पुढच्या जानेवारीत बोलावणे सर्वांना गेले. हळदीकुंकू मला हवेच आहे. ते मोडा, असे मी कधीच म्हणणार नाही.

वकील_कोर्टनाका

आधी सेक्टर_सतरा यांच्या प्रश्नाकडे येण्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण करावेच्या ताईंच्या आत्यांचा आणि आपला प्रश्न कायद्याच्या एकाच वळणावर येऊन मिळतात.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः सहदायिक, म्हणजे सहहिस्सेदार, केले, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला वगळले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लग्नाने लेकीचे लेकपण संपत होते. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ही अट राहिली नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचाच आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

नोंदींतले इतर बदलही याच दिशेचे आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम राज्याने ठरवला आहे. सहकारी सोसायटीच्या समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. माझा अनुभव असा की कायदा नोंद बदलतो, पण ती नोंद वापरायला कुणी पुढे आले तरच संस्था बदलते. अनेक सोसायट्यांत त्या दोन जागांवर नावे असतात आणि बैठकीला त्यांचे यजमान येतात.

आता आपला प्रश्न. आपल्या चुलत्यांचे म्हणणे कायद्यात कुठेही बसत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा आणि मुलगी हे दोघेही पहिल्या वर्गातले, म्हणजे मिळकतीवर सर्वांत आधी हक्क असलेले, वारस आहेत, आणि २००५ नंतर सहदायिक म्हणूनही दोघांचा हिस्सा समान आहे. म्हणून आपली नोंद मुलगी म्हणून झाली काय आणि मुलगा म्हणून झाली काय, आपल्या वाट्यात एका गुंठ्याचाही फरक पडत नाही. लेकींसाठी लढल्या गेलेल्या लढ्याने आपला हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. जमातीत गेलेल्या किंवा घराबाहेर काढलेल्या व्यक्तीचा वारसाहक्कही त्यामुळे नष्ट होत नाही.

करायचे ते असे : वडिलांचा मृत्यूदाखला, आपला जन्मदाखला, नावात बदल झाला असल्यास प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नोंद जोडून गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, वारसनोंदीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावे असे जमीन महसूल संहिता सांगते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. आपल्याला वगळून फेरफार (मालकीबदलाची नोंद) आधीच पडला असेल तर त्याची प्रत काढा, कारण मग अपिलाच्या मुदतीचा विचार करावा लागेल. आपल्या आई हयात असतील तर त्याही पहिल्या वर्गातील वारस आहेत. त्यांचे नाव त्याच अर्जात लिहा.

करावेगावची_लेक

वकीलसाहेब, आत्यांनी केलेल्या सह्यांचे काय? त्यांतल्या धाकट्या आत्यांना वाचून दाखवलेही नव्हते.

वकील_कोर्टनाका

ताई, समजून-उमजून केलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र बंधनकारक असते. फसवणुकीने किंवा दबावाने सही घेतली असेल तर ते रद्द करून मागता येते, मात्र ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. धाकट्या आत्यांना दस्तात नेमके काय लिहिले आहे हे केव्हा कळले, यावर बरेच अवलंबून आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत काढा, त्यात कोणत्या मिळकतींचा उल्लेख आहे ते पाहा, कारण साडेबारा टक्क्यांचा भूखंड त्या दस्तानंतर मंजूर झाला असेल आणि त्याचा उल्लेख त्यात नसेल, तर त्या भूखंडाबद्दलचा विचार वेगळा करावा लागेल. प्रत हाती आली की आत्यांना घेऊन या. बोलणे त्यांच्याशीच करू.